पोरांना नशेचे परिणाम कळत नाहीत, असं खरंच आहे का?

पूर्वभाग_ताई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. सोलापुरात अक्कलकोट रोडकडच्या एका वस्तीत आम्ही चौघी-पाचजणी मिळून संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. येणारी पोरं तेरा ते सतरा वर्षांची. निम्मी शाळेत जातात, निम्म्यांची शाळा सुटली, कुणी कापडाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरतो, कुणी गॅरेजात, कुणी भंगार वेचतो. आई विड्या वळणार, बाप यंत्रमागावर, घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी-हिंदी-कन्नड सगळंच.

मध्यंतरी या पोरांच्या शाळेत व्यसनमुक्तीवर भाषण झालं, काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रंबित्रं दाखवली. संध्याकाळी विचारलं काय सांगितलं रे, तर सगळ्यांनी पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं. कॅन्सर होतो, मेंदू खराब होतो, संसार उद्ध्वस्त होतो. आणि त्यातलाच एक जण तासाभरात गल्लीच्या तोंडाशी तळहातावर मावा (सुपारी-तंबाखू-चुना) चोळत उभा!

मग मी एकदा सगळ्यांना कोरे कागद दिले. नाव घालू नका, फक्त लिहा की नशेनं काय होतं, चांगलं आणि वाईट दोन्ही. "चांगलं" विचारलं म्हणून आमच्यातल्याच एक बाई माझ्यावर रागावल्या. पण कागदावर जे आलं ते वाचा:

भूक लागत नाही. रात्रपाळीला झोप येत नाही. बाप मारतो तवा लागत नाही. दोस्त लोक आपला समजतात. पोरीशी बोलायला डेरिंग येतं. घरातली भांडणं ऐकू येत नाहीत.

वाईटाच्या बाजूला: पैसे संपतात. अम्मा रडते. तोंड उघडत नाही, वडापाव खाता येत नाही. एकानं लिहिलं, "बाजूच्या गल्लीतला मेला पण तो लई घ्यायचा, मी कंट्रोलमध्ये हाय." कॅन्सर हा शब्द एकाही कागदावर नाही, आणि तोंडपाठ मात्र सगळ्यांना.

म्हणजे परिणाम त्यांना कळतात, पण आपण सांगतो ते नाही, त्यांना स्वतःला दिसतात ते. मग या पोरांशी बोलायचं काय आणि कसं? ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी लिहा.

कडक_भाकरी

ताई तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण स्पष्ट बोलतो. नशेचं "चांगलं" काय हे पोरांना विचारणंच चुकीचं. आमच्या वेळी मास्तर नुसतं तोंडाचा वास घेऊन कानाखाली लावायचे, घरी कळलं तर तिथं दुसरी. धाक नावाची गोष्ट होती. आता कुणाचा धाकच राहिला नाही म्हणून हे सगळं. पकडायचं, गल्लीतनं पळवत पळवत मारायचं, चारचौघात लाज काढायची, परत नाव घेणार नाही.

हुतात्मा_चौक

लाज काढली की पोरगं कुठं जातं माहितंय का बे? जिथं लाज काढत नाहीत तिथं. आणि तिथं माल विकणाराच बसलेला असतोय.

वैद्यबुवा

कडक_भाकरी, मारायचं की नाही यावर नंतर भांडू. पण "पळवत मारायचं" हे कृपा करून डोक्यातून काढा, आणि बाकीच्यांनीही हे नीट वाचा. जी पोरं पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर हुंगतात त्यांच्या हृदयावर त्या द्रावणाचा थेट परिणाम झालेला असतो. अशा वेळी पोरगं दचकलं, घाबरून पळालं, की अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. पहिल्यांदाच हुंगणाऱ्यालाही हे होऊ शकतं, "लई घेणारा" असायची गरज नाही. पोरगं नशेत सापडलं तर ओरडत अंगावर जाऊ नका. शांतपणे जवळ बसा, मोकळ्या हवेत आणा, एकटं सोडू नका. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

ताईंच्या पोरांनी लिहिलेलं "भूक लागत नाही" शंभर टक्के खरं आहे. सोल्युशननं भूक मरते, एमडीसारख्या (मेफेड्रोन) उत्तेजकांनी भूक आणि झोप दोन्ही मरतात. पोरं खोटं बोलत नाहीयेत. आपण "नशेनं काहीच मिळत नाही" असं सांगतो तेव्हा त्यांच्या लेखी खोटं आपण बोलत असतो, आणि मग आपलं पुढचं खरं बोलणंही ते सोडून देतात.

एक आकडा देतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं देशभर पाहणी केली होती, अहवाल २०१९ चा. दारू, गांजा, अफू सगळ्यांत मोठ्या माणसांचं प्रमाण जास्त. फक्त हुंगायच्या पदार्थांत उलटं आहे, १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के. स्वस्त, कायद्यानं उघड विकली जाणारी वस्तू आणि रिकामं पोट.

सात_रस्ता

धागा चांगला आहे पण एक खटकलं. "धोक्यातली पोरं" म्हटलं की सगळे पूर्व भाग, विडी घरकुल, झोपडपट्टी इकडंच बघतात. जरा होटगी रोड, विजापूर रोडच्या जिममध्ये जाऊन बघा. बारावीची पोरं इंजेक्शन घ्यायलेत, मेफेंटरमिनचं. ऑपरेशनमध्ये बीपी खाली गेलं तर वर आणायचं ते औषध, हे पठ्ठे व्यायामाला जोर यावा म्हणून टोचून घेतात. विचारलं तर म्हणतात, "ही नशा नाही, सप्लिमेंट आहे." व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, तेच. २०१९ पासून देशात बंदी आहे, तरी क्लासच्या बॅगेत सापडतं आणि उत्तर ठरलेलं, "यात तंबाखू नसते काका, फ्लेवर असतो."

यांच्या घरात फ्रिज भरलेला आहे, बाप मारत नाही. तरी चालूच. मग भुकेचं काय सांगता?

पूर्वभाग_ताई

@सात_रस्ता, मुद्दा मान्य, माझा अनुभव एका वस्तीचाच आहे. पण तुमच्या जिमवाल्या पोराचं आणि माझ्या कांडीवाल्या पोराचं एक वाक्य सारखंच आहे बघा, "मी घेतो ती नशा नाही." आमच्याकडं मावा ही नशा धरतच नाहीत. एकानं मला सरळ विचारलं, "टीचर, आमची अम्मा सकाळपासून मांडीवर सूप घेऊन तंबाखूत हात घालून बसती, तिला काय झालं?" त्याच्या आईला काय झालंय ते मला माहितंय, रात्री खोकून खोकून झोप नसते तिला. पण त्याला तो खोकला जन्मापासूनचा, त्याला तो आजार वाटतच नाही.

शेंगाचटणी

मावा म्हणजे सोलापुरात नाश्त्यात धरतात. 😀 पाहुणा आला की चहा आधी की मावा आधी एवढाच प्रश्न.

केमिस्ट_काका

हसण्यावारी नेऊ नका, मी रोज काउंटरला उभा असतो म्हणून सांगतो. पंधरा-सोळाची पोरं येतात आणि औषधाचं नाव अगदी बरोबर सांगतात, मोठ्या माणसाला येत नाही तेवढं बरोबर. झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं कोडीनवालं औषध, ट्रामाडॉल. ही सगळी शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत आहेत, २०१४ पासून वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, नग सगळं लिहून. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. पोरगं काय म्हणतं, "काका हे तर दवाई हाय, डॉक्टर देतोय, याच्यानं काय होतंय?" गोळी पांढरी, पाकीट कंपनीचं, वर एक्स्पायरी छापलेली, म्हणजे सेफ. गांजा ओढणाऱ्याला ही पोरं नशेडी म्हणतात, स्वतःला नाही.

आणि हो, पुढचा दुकानदार देतो म्हणून ती पोरं माझ्याकडनं पुढं जातात, हे सुद्धा मला दिसतं. असोसिएशनच्या बैठकीत दर वेळी बोलतो.

आता_ठीक_आहे

आयडी नवीन काढलाय, कारण जुन्या आयडीनं ओळखतील.

मी तेरा-चौदाचा असताना सोल्युशन ओढायचो, स्टेशनच्या बाजूला. घर होतं, पण घरी जावंसं वाटायचं नाही. इथं सगळे चांगलं बोलायलेत पण आतनं कसं असतं ते सांगतो. रुमालाला लावून तोंडाशी धरला की आधी कानात घूं आवाज येतो, मालगाडी लांबनं आल्यासारखा, आणि मग थंडी जाते. डिसेंबरात प्लॅटफॉर्मच्या कडेला फरशीवर झोपायचं तर थंडी जाणं म्हणजे काय ते घरात झोपणाऱ्याला कळायचं नाही. तेव्हा मला कुणी येऊन मेंदू खराब होतो म्हणलं असतं तर मी म्हणलं असतं, होऊ दे की. मेंदू पुढं कधी लागणार होता? मोठा होईन असं डोक्यातच नव्हतं. तुम्ही लोक पोराला वीस वर्षांनंतरचं भेव घालता, त्याला पुढचा आठवडा दिसत नसतोय.

आम्ही एकमेकांचे परिणाम बघायचो. एक जण चालताना तिरका जायचा, एकाला बोललेलं आठवायचं नाही, नाकातोंडाभोवती फोड. सगळं दिसायचं, पण प्रत्येकाला वाटायचं की याला होतंय कारण हा कच्चा हाय. माझ्या स्वतःच्या तोंडाभोवतीचे फोड मी उन्हाचे समजत होतो.

सुटलो ते भीतीनं नाही. चहाच्या गाड्यावर एक काका होते, त्यांनी कामाला ठेवलं आणि अट एकच घातली, ओढून आलास तर त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही, पण जेवून जायचं. जेवण कधी तोडलं नाही. मध्ये दोन-तीनदा परत ओढलं, तरी जेवण चालूच. रात्री झोपायला गाड्यामागची खोली दिली. थंडी गेली तर रुमाल कशाला लागतोय?

हुतात्मा_चौक

भावा, त्या काकांना दंडवत. तू लिहीत जा इथं.

खडू_फळा

वरचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मी हायस्कूलला शिकवतो, महापालिका हद्दीतच. शिक्षकाची बाजूही ऐका. वर्गात पासष्ट मुलं, त्यात चार-पाच मागच्या बाकावर डोळे लाल करून बसलेली. शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायची नाही असा २००३ चा कायदा आहे, पाटी आम्हीच रंगवली आहे, आणि पाटीपासून तीस पावलांवर टपरी. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी, पण शेजारी कर्नाटक, माल येतोच. तक्रार केली की आठवडाभर टपरी बंद, मग परत. पोरं हे बघतात आणि त्यातून शिकतात, की ज्याला मोठे लोक घातक म्हणतात ते मोठे लोकच उघड विकतात, म्हणजे एवढं काही घातक नसणार. आमच्या भाषणापेक्षा हा धडा पक्का बसतो.

मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाकडून माल पोचवून घेणाऱ्यालाही कलम ७८ खाली तेवढीच शिक्षा. कडक_भाकरींना धाकच हवा असेल तर तो इथं वापरावा.

कडक_भाकरी

खडू_फळा सर, टपरीवाल्यावर कारवाई करा ना, मी सोबत येतो सह्या घेऊन. पण पोराचं काहीच चुकत नाही असं करू नका. त्याच गल्लीत राहून, तोच बाप, तीच गरिबी, आणि नशेला हात न लावणारी पोरं पण आहेत की. त्यांचं कौतुक कोण करणार?

पूर्वभाग_ताई

@कडक_भाकरी, हा प्रश्न आवडला. आमच्याकडं अशी पोरं आहेत आणि मी त्यांनाही विचारलं, तू का घेत नाहीस? कॅन्सरचं नाव त्यांनीही घेतलं नाही. एक म्हणाला, "सकाळी कबड्डीला दम लागतो." एक म्हणाली, "मला आक्कानं विचारलं तर खोटं बोलता येत नाही." एक नुसता म्हणाला, "माझे दोस्त वेगळे हायेत." म्हणजे घेणाऱ्याला जे नशेत मिळतं, तेच यांना दुसरीकडनं मिळतंय. आपलं म्हणणारं कुणीतरी, आणि उद्या सकाळचं काहीतरी.

परदेशी_सोलापूरकर

ताईंच्या शेवटच्या वाक्यावरून आठवलं, आइसलँडनं नेमकं हेच केलं. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती, २०१६ ला ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. भाषणांवर भर न देता त्यांनी मुलांनाच दरवर्षी प्रश्नावली दिली, खेळ आणि संगीताला मुलामागे पैसे दिले, आईबापांचे गट केले, रात्री मुलं बाहेर राहणार नाहीत हे बघितलं. उलट अमेरिकेत १९८३ पासून पोलीस वर्गात येऊन सांगायचे, त्या डेअर कार्यक्रमाचा मुलांच्या वागण्यावर फारसा परिणाम नाही असं पुढं अभ्यासांत दिसलं.

शेंगाचटणी

आइसलँडची लोकसंख्या आपल्या सोलापूर शहराच्या निम्मी पण नाही. आणि तिकडं ऊन किती, इकडं मे महिन्यात ४४. दुपारी पोराला मैदानात पाठवलं तर नशेआधी ऊनच मारेल.

परदेशी_सोलापूरकर

म्हणून तर म्हणतो, एवढा देश करू शकतो तर आपले दोन-तीन वॉर्ड का नाही? संध्याकाळी सहानंतर पार्कवर वारं असतंच की. (वारं सुटलं की गड्ड्याच्या जत्रेतल्या भज्यांचा वास नाकात येतो अजून, इथं बसून.)

मागवाला

माझे माग आहेत, थोडेच. रात्रपाळीच्या पोरांचं वरती आलंय म्हणून लिहितो. अठराच्या आतलं पोरगं मी ठेवत नाही, पण ठेवणारे आहेत, आणि रात्री दोनला मागाच्या खडखडाटात कुणाचे डोळे उघडे आहेत आणि कशामुळे, हे मालकाला कळत नाही असं नाही. उत्पादन निघतंय तोवर कानाडोळा. २०२३ च्या ऑक्टोबरात चिंचोळी एमआयडीसीत एमडी बनवायचा कारखानाच सापडला तेव्हा सगळ्या गावानं तोंडात बोट घातलं. पण आपल्याच शेडमधली लाल डोळ्यांची पोरं त्याच्या आधीपासून होती.

वैद्यबुवा

ताईंच्या मूळ प्रश्नाकडं येतो, बोलायचं काय. माझं म्हणणं, लांबचा परिणाम सोडा, आजचा आणि त्याच्या स्वतःच्या अंगावरचा परिणाम त्यालाच मोजू द्या. "तोंड उघडत नाही" असं एकानं लिहिलंय ना, तिथून सुरू करा. मावा-सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तिखट लागलं की झोंबतं, मग तोंड उघडायचं कमी होतं. नुसती सुपारी, तंबाखू नसली तरी हे होतं. साधी तपासणी: स्वतःची तीन बोटं एकमेकांना चिकटवून, उभी करून, पुढच्या दातांच्या मध्ये जातात का बघायचं. निरोगी पोराची सहज जातात. दोनच गेली तर दाताच्या डॉक्टरकडं. ताठलेली कातडी पूर्ववत होणं अवघड, पण सोडलं तर पुढचं बरंच टळतं.

गांजावाल्यांसाठी: "सवय लागत नाही, झाडपाला आहे" हे फार पक्कं असतं डोक्यात. ओढणाऱ्यांपैकी साधारण अकरात एकाला व्यसन लागतं, पण विशीच्या आत सुरू केलं तर सहात एक. आणि ज्याच्या घरात कुणाला मानसिक आजार आहे त्यानं तर दोन हात लांबच राहावं.

पूर्वभाग_ताई

वैद्यबुवा, तुमचं वाचून काल अभ्यासिकेत तीन बोटांचा प्रकार केला. कुणालाही उद्देशून नाही, सगळ्यांनी करायचं, आम्ही बायकांनी पण केलं. आधी नुसता दंगा, एकमेकांच्या तोंडात बोटं घालायला निघाले. मग एकेक गप्प व्हायला लागला. तिघांची दोनच बोटं गेली. त्यातला एक परत परत करून बघत होता, तिरकी घालून, मान वर करून. मग हळूच म्हणाला, "टीचर, आधी जात होती." मी काहीच भाषण दिलं नाही. त्यानं स्वतःच विचारलं, डॉक्टरकडं गेलं तर अम्माला सांगतील का?

शनिवारी तिघांना घेऊन दाखवायला जाणार आहे. तो "कंट्रोलमध्ये हाय"वाला कोण ते मला अजून कळलेलं नाही आणि मी शोधतही नाहीये.

वाचनमात्र

मी इथं फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा सोळाचा आहे. त्याच्या पुस्तकांच्या कप्प्यात झोपेच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा सापडल्या, बऱ्याच. विचारलं तर म्हणाला क्लासच्या टेन्शननं झोप येत नाही, मित्रानं दिल्या, ही काय नशा नाही. सगळ्या फेकून देऊ का? यांना सांगितलं तर मारतील. पोलीस केस होईल का? काय करू सुचत नाही.

वैद्यबुवा

ताई, आधी एक गोष्ट. रोज घेत असेल तर गोळ्या एकदम तोडू नका. या गोळ्या एकदम बंद झाल्या तर झटके येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू कमी करतात. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, सिव्हिलला विभाग आहे. त्याआधी बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आहे, १९८६ पासूनचं, अनिल आणि सुनंदा अवचटांनी उभं केलेलं. पोलिसांची भीती बाळगू नका. उपचारासाठी स्वतःहून आलेल्या व्यसनी माणसाला एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातच, कलम ६४ अ मध्ये, संरक्षण दिलेलं आहे. आजारी पोराला डॉक्टरकडं नेणं हा गुन्हा नाही.

आता_ठीक_आहे

ताई, गोळ्या कुणी दिल्या हे पहिल्याच दिवशी विचारू नका, दोस्ताचं नाव तो सांगणार नाही आणि मग तुमच्याशी बोलणंच बंद करेल. झोप का येत नाही ते विचारा. खरंच ऐकायचं असल्यासारखं विचारा.

कडक_भाकरी

आणि मारणाऱ्या बापाला डॉक्टरकडूनच सांगू द्या, घरात तुम्ही सांगू नका. डॉक्टरचं ऐकतील.

पूर्वभाग_ताई

@वाचनमात्र, मी शनिवारी पोरांना घेऊन सिव्हिललाच येतेय, तुम्हाला एकटीला जायचं नसेल तर सोबत जाऊ. व्यक्तिगत निरोप केलाय, नंबर आहे त्यात, रात्री कितीही वाजता करा.